जेद्दाच्या तंबूंमागचा इंजिनियर : फजलुर रहमान खान आणि घराचा न दिसणारा नकाशा

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे आधी चर्चा कशाची होते? किचन कुठल्या बाजूला, हॉल केवढा, समोरून घर कसं दिसेल, नमाजसाठी एक कोपरा निघेल का. आमच्याकडेही तेच झालं. आयुष्यभराची बचत, त्यात बँकेचं कर्ज, असं करून तळमजला आणि वर एक मजला बांधायला काढला. आर्किटेक्टने नकाशा काढून दिला. घरातल्या सगळ्यांनी तो जेवणाच्या दस्तरखानवर पसरून दहा वेळा पाहिला. मग आर्किटेक्ट म्हणाले की आता आरसीसी डिझाईन वेगळं करून घ्या, म्हणजे स्ट्रक्चरल प्लॅन.

आमच्या ठेकेदाराने हे ऐकून हात झटकला. एवढ्याशा घराला कसलं डिझाईन, वीस वर्षं कॉलम उभे करतोय, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं. फीचे पैसे वाचले तर तेवढ्यात खिडक्या चांगल्या बसतील, असा आमचा हिशोब.

तरी एका ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडे जाऊन आलो. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. पुढे कधी आणखी मजला चढवणार का? पाण्याची टाकी गच्चीवर नेमकी कुठे बसणार? आणि जागेवर खाली माती कुठली आहे, मुरूम किती फुटांवर लागतो? आम्ही दोघंही शिक्षक, पण तिन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. घराचा रंगसुद्धा ठरवून बसलो होतो आणि घर उभं कशावर राहणार हे माहीत नव्हतं.

त्या रात्री आम्हाला मरहूम फजलुर रहमान खान यांची आठवण झाली. दहावीच्या वर्गात दरवर्षी आम्ही त्यांची गोष्ट सांगतो. मुलांना सांगतो आणि स्वतः मात्र विसरलो होतो. आज ती वाचकांसाठी लिहीत आहोत.

गणिताच्या मास्तरांचा मुलगा

खानसाहेबांचा जन्म ३ एप्रिल १९२९ चा. तेव्हाच्या अखंड बंगालमधलं, आजच्या बांगलादेशातलं हे घराणं. वालिद अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक. त्यांनी शाळेची पुस्तकं लिहिली, शिक्षण खात्यात वरच्या पदापर्यंत गेले, पुढे ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्य झाले. आईचं नाव खदिजा खातून. घरात इल्मची कदर होती. गणित म्हणजे पाठ करायचा विषय नव्हे, विचार करायची पद्धत आहे, हे मुलाला घरातच कळलं.

ढाक्याच्या अरमानीटोला सरकारी हायस्कूलमध्ये शाळा झाली. इंजिनियरिंगसाठी ते कलकत्त्याजवळ शिबपूरच्या बंगाल इंजिनियरिंग कॉलेजात दाखल झाले. तेवढ्यात फाळणी झाली. १९५० च्या दंग्यांत शिबपूरचं शिक्षण अर्धवट टाकून ढाक्याला परतावं लागलं आणि शेवटची परीक्षा त्यांनी तिथल्या अहसानउल्लाह इंजिनियरिंग कॉलेजातून दिली. आज त्याच कॉलेजची बांगलादेश अभियांत्रिकी विद्यापीठ म्हणून ओळख आहे. देश बदलला, कॉलेज बदललं, पण निकालात ते पहिले आले.

१९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पोहोचले. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी दोन मास्टर्स डिग्र्या आणि वर डॉक्टरेट मिळवली. एक मास्टर्स स्ट्रक्चरल इंजिनियरिंगची, दुसरी यंत्रशास्त्राच्या सिद्धांतांची. १९५५ साली शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मध्ये काही काळ ते मायदेशी, तेव्हाच्या पाकिस्तानात परतले आणि कराची विकास प्राधिकरणात काम केलं. तिथे फाइलींचं काम जास्त आणि डिझाईनचं कमी. १९६० साली ते पुन्हा शिकागोच्या त्याच कंपनीत रुजू झाले. त्यांची खरी कामगिरी इथून पुढची.

भार कुठून जातो?

स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम एका ओळीत सांगायचं तर, घरावर येणारं प्रत्येक वजन जमिनीपर्यंत सुखरूप कसं पोहोचेल, याचा रस्ता आखणं. स्लॅबवरचं वजन बीमवर, बीमवरचं कॉलमवर, कॉलमवरचं फुटिंगवर आणि फुटिंगवरचं मातीत. हा रस्ता कुठेही तुटता कामा नये. आर्किटेक्टच्या नकाशात आपण कुठे राहणार ते दिसतं, आरसीसीच्या नकाशात आपलं वजन कुठून जाणार ते दिसतं.

उंच इमारतीत यात आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे वारा. वजन वरून खाली दाबतं, वारा बाजूने ढकलतो. जसजशी उंची वाढते तसतसं हे ढकलणं फार वेगाने वाढतं. जुन्या पद्धतीत यावर उपाय एकच होता. आतमध्ये कॉलम आणि बीमची जाळी करायची आणि मजले वाढले की लोखंड वाढवत जायचं. त्यामुळे खर्च असा वाढायचा की एका उंचीनंतर इमारत परवडायचीच नाही.

खानसाहेबांनी प्रश्नच बदलला. आणखी किती लोखंड घालू, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं की आहे तेच लोखंड कुठे ठेवू.

वर्गात आम्ही हे असं समजावतो. वहीचा एक कागद टेबलावर उभा करून बघा. पडतो. तोच कागद गुंडाळून नळी करा. आता तो उभा राहतो आणि वर एक पुस्तकही पेलतो. कागद तोच, वजन तेच, बदलला तो आकार. बांबू आतून पोकळ असूनही वादळात टिकतो तो याच कारणाने. खानसाहेबांनी कॉलम इमारतीच्या आतून काढून बाहेरच्या भिंतीवर जवळजवळ उभे केले आणि त्यांना बीमने घट्ट बांधून अख्ख्या इमारतीचीच एक नळी केली. शिकागोतली ४३ मजल्यांची डेविट-चेस्टनट ही राहत्या फ्लॅटची इमारत या पद्धतीची पहिली म्हणून ओळखली जाते. तिचे बाहेरचे कॉलम साडेपाच साडेपाच फुटांवर आहेत. म्हणजे जगभरातल्या उंच इमारतींची पद्धत बदलणारा हा विचार पहिल्यांदा वापरला गेला तो ऑफिससाठी नव्हे, माणसांच्या घरांसाठी.

शंभर मजले आणि एक खचलेला खांब

यानंतर आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि खानसाहेब या जोडीने शिकागोत जॉन हॅनकॉक सेंटर उभारलं. १०० मजले, उंची ३४४ मीटर. खाली दुकानं आणि पार्किंग, मध्ये ऑफिसं, वर सुमारे ७०० फ्लॅट. बाहेरच्या चारही बाजूंवर फुलीच्या आकाराचे प्रचंड लोखंडी तिरके बांध आहेत. खाटेच्या पायांना तिरकी पट्टी ठोकली की ती डुगडुगायची थांबते, तेच तत्त्व इथे आकाशाला भिडलेलं दिसतं.

फायदा किती झाला? न्यूयॉर्कच्या १९३१ सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो लोखंड लागलं होतं. हॅनकॉकला लागलं सुमारे १४५ किलो. ही बचत सळई बारीक करून किंवा सिमेंटमध्ये हात आखडून झालेली नाही. ती कागदावर आधी विचार करून झालेली आहे. आपल्याकडे बचत म्हटलं की आधी इंजिनियरची फी कापली जाते, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

आणखी एक काळजी खानसाहेबांना होती. इतकी उंच इमारत वाऱ्याने थोडी झुलणारच. ती पडणार नाही हे गणिताने सिद्ध होतं, पण ९० व्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला भीती वाटेल का, चक्कर येईल का, हे गणितात येत नाही. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात एक हलणारा फलाट होता. त्यावर माणसांना बसवून, उभं करून त्यांनी पाहिलं की किती हालचाल माणसाला जाणवते आणि किती जाणवत नाही. स्वतः डिझाईन करताना ते मनाने इमारतीच्या जागी उभे राहत आणि कुठल्या भागावर किती ताण येतोय हे जणू अंगावर अनुभवत.

हॅनकॉकच्या कामात एक मोठं विघ्नही आलं. १९६६ साली पायातला एक खोल काँक्रीटचा खांब वरून लोखंडाचा भार येताच खचला. तपासात दिसलं की त्या खांबाच्या काँक्रीटमध्ये पोकळी राहिली होती. हिशोब चुकला नव्हता, काँक्रीट भरताना चूक झाली होती. काम थांबलं. एकच खांब दुरुस्त करून पुढे जाता आलं असतं, पण तसं झालं नाही. बाकीचे सगळे खांबही एकेक करून तपासले गेले, त्यात महिने गेले, पैसा गेला. आज ती इमारत अर्ध्या शतकाहून जास्त काळ उभी आहे. आम्हाला यातून कळलं ते असं की चांगला नकाशा अर्धं काम करतो. उरलेलं अर्धं, नकाशात लिहिलंय तसंच जागेवर होतंय का हे बघण्यात आहे.

नऊ नळ्यांची मोळी

म्हाताऱ्या शेतकऱ्याने मुलांना काठ्यांची मोळी मोडायला दिली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. सुटी काठी मोडते, मोळी मोडत नाही. शिकागोचा सिअर्स टॉवर हीच गोष्ट आहे. ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून बांधलेल्या. सगळ्या शेवटपर्यंत जात नाहीत. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोन शेंड्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे वर वाऱ्याला अंगच कमी मिळतं. ११० मजले, ४४२ मीटर. १९७४ साली पूर्ण झालेली ही इमारत १९९८ पर्यंत, म्हणजे क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर होईपर्यंत, जगातली सर्वात उंच इमारत होती.

२००९ साली अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा कैरोमध्ये बोलताना अमेरिकन मुस्लिमांच्या योगदानाचा हिशोब देत होते. त्यात त्यांनी देशातली सर्वात उंच इमारत उभी करणाऱ्या मुस्लिमाचा उल्लेख केला. तो उल्लेख खानसाहेबांचा होता.

माणूस म्हणून

एवढं मोठं नाव झालं तरी त्यांनी जन्मभूमीकडे पाठ फिरवली नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटलं, लाखो लोक बेघर झाले, तेव्हा खानसाहेबांनी शिकागोत बंगाली लोकांना एकत्र केलं. बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील या नावाने मदत गोळा केली आणि अमेरिकेतल्या राजकारण्यांपर्यंत लोकांची हालत पोहोचवली. टागोरांची गाणी त्यांना अतिशय प्रिय होती. इंजिनियरने आपल्या तंत्रात इतकं बुडू नये की आयुष्याची मजा, संगीत, नाटक आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसं दिसेनाशी व्हावीत, असं त्यांचं मत होतं. त्यांची मुलगी यास्मिन हीसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनियर झाली आणि तिनेच पुढे वडिलांच्या कामावर पुस्तक लिहिलं.

अल्लाहच्या पाहुण्यांसाठी सावली

आता जेद्दाकडे येऊ. आपल्या ओळखीतले कितीतरी हाजी जेद्दाच्या विमानतळावर उतरले असतील. तिथल्या हज टर्मिनलचे पांढरे तंबू अनेकांच्या फोटोत आहेत. ते तंबू खानसाहेबांच्या कामाचा शेवटचा मोठा टप्पा. वास्तुरचना गॉर्डन बनशाफ्ट यांची आणि इंजिनियरिंगची जबाबदारी खानसाहेबांची.

अडचण अशी होती की वर्षातले थोडेच आठवडे लाखो माणसं एकदम येणार, त्यांत म्हातारे, आजारी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले. ऊन भयंकर. एवढ्या सगळ्यांना तासन्‌तास थांबावं लागणार. एवढी मोठी बंद इमारत बांधून ती वर्षभर थंड ठेवायची म्हणजे पैशाची नासाडी. उत्तर वाळवंटातच होतं, ते म्हणजे तंबू. ४५ मीटर लांब आणि तेवढेच रुंद असे २१० तंबू उंच पोलादी खांबांवरून दोरखंडांनी टांगले. कापड काचेच्या धाग्यांचं, वर टेफ्लॉनचा लेप. ते ऊन परतवतं, मंद उजेड आत सोडतं. तापलेली हवा तंबूच्या टोकाशी असलेल्या मोकळ्या भागातून वर निघून जाते आणि बाजू उघड्या असल्याने खाली वारा खेळता राहतो. सगळी मिळून १०५ एकर सावली. १९८१ मध्ये टर्मिनल सुरू झालं आणि १९८३ मध्ये त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

तो पुरस्कार पाहायला खानसाहेब नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा इंतकाल झाला, आणि तोही जेद्दातच. ५३ वा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. दफन शिकागोत झालं. १९९८ साली शिकागोने सिअर्स टॉवरजवळच्या चौकाला त्यांचं नाव दिलं आणि १९९९ साली बांगलादेशने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला.

आपल्या घराशी याचा काय संबंध?

कुणी म्हणेल, कुठे ११० मजले आणि कुठे आमचं दोन मजल्यांचं घर. पण हिशोबाची रीत तीच आहे. वजन कुठून येतं आणि कुठे जातं, हा प्रश्न घराला छोटं-मोठं बघत नाही. राहत्या खोल्यांसाठी आपल्या देशाच्या मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरायला सांगितलंय. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच १००० किलो असतं. ती टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवायची की कॉलमच्या डोक्यावर, हे आधी ठरवायला हवं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग भिंतींना तडे जातात. फुटिंग किती खोल न्यायचं हे माती पाहून ठरतं, शेजाऱ्याने किती खोल नेलं यावरून नाही.

आणि आपण मराठी माणसं ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट विसरू शकत नाही. हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक भूकंपाने नाही, स्वतःच्या घराच्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदाखाली गेली. जे घर आसरा म्हणून बांधलं होतं, तेच अंगावर आलं.

आमच्या घराचं आरसीसी डिझाईन शेवटी करून घेतलं. आधी एक खड्डा खणून माती पाहिली. वरून तीन फूट काळी माती निघाली, म्हणून फुटिंग खाली मुरमापर्यंत नेलं. टाकीची जागा बदलली. एका खोलीत कॉलम मध्ये येत होता, तो भिंतीत सरकला. मुलं पुढे मजला चढवतील हे धरून पाया केला. काही ठिकाणी ठेकेदार जेवढी सळई टाकणार होता त्याहून कमीच लागली, आणि जिन्याच्या बीमला मात्र जास्त. त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवाची आम्ही कदर करतो, कारण हातातला हुनर त्याचाच आहे. पण अनुभवाला आधीच्या घरांची माती ठाऊक असते, आपल्या घराची नाही. प्रत्येक स्लॅब भरण्याआधी इंजिनियर येऊन सळया आणि रिंगा नकाशाशी ताडून गेले. तेव्हा हॅनकॉकचा तो खचलेला खांब आमच्या डोळ्यासमोर होता.

ज्यांचं घर बांधायला निघालंय त्यांनी एवढं तरी करावं. आरसीसीचं डिझाईन पायाचं मार्किंग होण्याआधी हातात घ्यावं. नंतर नव्हे. त्याची एक प्रत जागेवर ठेवावी. मजला वाढवायचा विचार असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगावा. आणि घरात एखादा मुलगा किंवा मुलगी गणितात हुशार असेल तर त्यांना फजलुर रहमान खान यांची गोष्ट जरूर सांगावी. ढाक्यातल्या एका गणिताच्या मास्तरांचं लेकरू दंग्यांतून वाट काढत शिकलं आणि लाखो माणसांच्या डोक्यावर सावली धरून गेलं.

आणि इन्शाअल्लाह कधी हजला जाणं झालं, त्या पांढऱ्या तंबूखाली बसायला मिळालं, तर या माणसाच्या मगफिरतीसाठी दुआ करावी. आम्हीही करतो.